गुडघ्यापुढची जागा

उभ्या माणसाची उंची चारचौघांना दिसते. प्रवासात नडते ती बसल्यावरची लांबी: पाठ टेकल्यापासून गुडघ्याच्या टोकापर्यंतची. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यांत लांब हाड, आणि ते आखडून घेता येत नाही. खांदे चोरता येतात, कोपर पोटाशी धरता येतात, पण मांडीचं काही करता येत नाही. म्हणून सहा फुटांचा माणूस तीन जणांच्या बाकावर खिडकीशी बसला की त्याचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला लागतात. मग तो तिरका होतो, शेजारचा अंग चोरतो, बाकाच्या कडेचा अर्धा बाहेर येतो. घाटातल्या प्रत्येक वळणाला तोच लोखंडी दांडा गुडघ्याच्या त्याच जागी लागत राहतो. मी स्वतः उंच आहे, त्यामुळे हे अंगावर घेतलेलं आहे. पण हा मागोवा माझ्या गुडघ्यांसाठी घेतलेला नाही. दोन सीटांमधलं हे अंतर कधी तरी, कुणी तरी ठरवलं असणार. ते कशाच्या आधारावर ठरलं, हे मला पाहायचं होतं.

जुन्या वाहनांमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण पुढे सीटच नव्हती. पालखीत लोडाला टेकून पाय लांब करता येत, मेण्यात आडवं होता येई. बैलगाडीत मांडी घालावी, कंटाळा आला की मागच्या बाजूने पाय खाली सोडावेत. टांग्यातही मागच्या उतारूंचे पाय मोकळे असत. हाल तेव्हाही होत. धक्के होते, धूळ होती आणि पालखी तर भोयांच्या खांद्यावर चालत होती, त्यामुळे त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. एवढंच, की गुडघा अडकवणारी वस्तू अजून जन्माला आली नव्हती.

सार्वजनिक वाहनं आली तेव्हाही ती लगेच जन्मली नाही. जॉर्ज शिलिबिअरने ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. तिच्यात बाविसेक माणसं दोन्ही बाजूंच्या लांब बाकांवर समोरासमोर बसत. रेल्वेच्या डब्यातही बाकं समोरासमोरच असत. या बैठकीत गुडघ्यापुढची जागा दोघांच्या सामाईक मालकीची असते. समोरचा माणूस दिसतो, त्याच्याशी डोळ्यांनी बोलता येतं, मी एक पाय असा घेतो, तुम्ही तसा घ्या, हे न बोलता जमतं. आपल्याकडे वडापच्या जीपमध्ये मागच्या दोन बाकांवर आजही हीच तडजोड चालते. माणसं गुडघ्यात गुडघे अडकवून बसतात आणि तासाभराच्या वाटेत ओळखीही निघतात. मुंबईच्या लोकलमध्ये समोरासमोरच्या बाकांच्या मधल्या जागेत माणसं उभी राहतात. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो तो अशाच समजुतीवर.

खरा फरक पडला तो बाकं एकामागे एक लागली तेव्हा. पुढच्याची पाठ मागच्याची भिंत झाली. पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याने विनंती करायची ती पाठीला. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही रचना मोजायला सोपी आहे. वाहनाची लांबी भागिले दोन रांगांमधलं अंतर, म्हणजे किती रांगा. गुणिले एका रांगेतली माणसं, म्हणजे किती तिकिटं. या भागाकारातला छेद म्हणजेच उंच माणसाच्या गुडघ्यापुढची जागा. ती कमी केली की उत्तर वाढतं. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं हा हिशेब कुणी सोडलेला नाही.

रेल्वेत माणसं मोजण्याची रीत त्याआधीची. इंग्लंडमध्ये सुरुवातीचे तिसऱ्या वर्गाचे उतारू उघड्या डब्यांतून नेले जात. १८४१च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॉनिंग इथे गाडी दरडीच्या ढिगाऱ्यावर आदळून त्यातली माणसं मेली, तेव्हा कुठे सरकार हललं. १८४४च्या कायद्याने रोज किमान एक स्वस्त गाडी सोडावी, मैलाला एका पेनीहून जास्त घेऊ नये, बसायला जागा आणि डोक्यावर छप्पर असावं, असं ठरलं. बसायला जागा म्हणजे किती जागा, हे महत्त्वाचं आहे असं तेव्हा वाटलेलं दिसत नाही. नऊ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांत सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी निघाली. हा सोहळ्याचा दिवस होता. रोजच्या तिसऱ्या वर्गाचं वर्णन गांधीजींनी लिहून ठेवलं आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये ते मुंबईहून मद्रासला मेलने तिसऱ्या वर्गातून गेले. डब्यावर बावीस उतारूंचा आकडा होता, झोपायला फळ्या नव्हत्या आणि मद्रासपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या. पुण्यापर्यंत आतल्या दांडग्यांनी बाहेरच्यांना थोपवलं, रायचूरनंतर गर्दी असह्य झाली. त्यांची पुस्तिका वाचताना लक्षात येतं की बावीस हा आकडा डब्यावर लिहिलेला होता, पण तो माणसाचा हक्क आहे असं ना गार्ड मानत होता, ना कंपनी.

१९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला. दुसऱ्या वर्गाच्या फळ्या मात्र लाकडीच राहिल्या. त्या बदलल्या मधु दंडवते यांनी. अहमदनगरला जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरमधून निवडून येणारे दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच फोम घालायचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुटली ती उच्चनीच वर्गांविना. वरच्या वर्गाचं काढून घेण्यापेक्षा खालच्या वर्गाला वर आणावं, ही त्यांची भूमिका होती. या दोन इंचांबद्दल मला मनापासून आदर आहे. भारतीय रेल्वेच्या इतिहासात साध्या तिकिटाच्या माणसाच्या शरीराचा विचार करून घेतलेले निर्णय हातावर मोजण्याइतके आहेत, आणि हा त्यांतला सर्वांत मोठा. त्या फोमवर पुढे कोट्यवधी माणसं झोपली.

जाडीचा प्रश्न दंडवत्यांनी सोडवला, लांबीचा तसाच राहिला. शयनयानातल्या मुख्य सहा शायिका डब्याच्या रुंदीला धरून आडव्या असतात. त्यांचं एक टोक मधल्या वाटेकडे उघडं असतं. उंच माणूस तिथे पाय बाहेर काढून झोपतो, रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खातो, पण निदान सरळ होऊ शकतो. साइड बर्थ मात्र वाटेला समांतर आणि दोन्ही टोकांना बंद असतो. डोकं एका आडोशाला, पाय दुसऱ्याला. सहा फुटांच्या माणसाला तिथे रात्रभर गुडघे मुडपूनच पडावं लागतं. वरचा साइड बर्थ असेल तर छताचा उतारही अंगावर येतो. आणि डब्याची लांबी तीच ठेवून माणसं वाढवण्याचा खटाटोप थांबलेला नाही. २०२१ मध्ये एसी थ्री इकॉनॉमीचे डबे आले. नेहमीच्या एसी थ्रीमध्ये ७२ शायिका, यात ८३. तिकीट थोडं स्वस्त झालं, वाचायचा दिवा आणि चार्जिंगची सोय प्रत्येकाला मिळाली, हे चांगलंच झालं. अकरा जादा माणसांची जागा मात्र काही अंशी आधीच्या बहात्तरांच्या पायांपाशीच शोधली गेली.

आता एसटीकडे येतो. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. बेडफोर्डची गाडी, तीस आसनं. बरोबर आठवड्याने, ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्या आठवड्यात नगरला जाणारी बस आणि लंडनला जाणारं विमान यांच्यात फक्त पाच आसनांचा फरक होता. पुढे दोन्हीकडे तीच गोष्ट घडली, वेगवेगळ्या वेगाने.

एसटीने हिशेब रुंदीत केला. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन, अशी पाच जणांची रांग. दहा रांगा धरल्या तर पन्नास माणसं. दोन-दोनच्या रांगा लावल्या तर चाळीस. खेड्यापाड्यांत दिवसाला दोनच फेऱ्या असताना ही दहा माणसं म्हणजे बाजाराला जाणाऱ्या दहा बाया, परीक्षेला निघालेली दहा पोरं. त्यांना फाट्यावर उभं ठेवून मला पाय पसरायला जागा द्या, असं मी म्हणणार नाही. एसटीने तीन-दोनची बस धावती ठेवली म्हणून महाराष्ट्रातल्या मुली शाळेत पोचल्या. पण या रचनेत उंच माणसाचं काय होतं, तेही लिहून ठेवायला हवं. बाक अरुंद असला की गुडघे फाकवून तिरके बसण्याची सोय जाते, म्हणजे लांबीची अडचण रुंदीतून सोडवण्याचा मार्ग बंद होतो. चाकावरच्या सीटवर तर पायाखालची जमीनच उचललेली असते, त्यामुळे गुडघे छातीशी येतात. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर ‘एशियाड’ गाड्या महाराष्ट्रात आल्या, दोन-दोनच्या रांगा आणि मोकळी सीट घेऊन. आमच्या पिढीतल्या उंच पोरांना जादा पैसे मोजून तिकीट काढण्याचं पहिलं सबळ कारण त्यांनी दिलं. लाल गाडीत जाणते उंच लोक मागच्या लांब बाकाची मधली जागा धरतात. तिथे धक्के सर्वाधिक बसतात, पण समोर मधली वाट मोकळी असते. कंबर द्यावी आणि गुडघे वाचवावेत, असा तो सौदा.

बसची सीट उंच असली की तेवढ्याच अंतरात जास्त पाय मावतात, कारण पाय सरळ खाली जातो. सीट खाली आली की पाय पुढे सरकतो आणि जागा जास्त लागते. म्हणजे निव्वळ अंतर मोजून भागत नाही, बसणाऱ्याचं शरीर मोजावं लागतं. हे शास्त्र विसाव्या शतकात आकाराला आलं. हेन्री ड्रायफस या अमेरिकन आरेखनकाराने १९५५ मध्ये ‘जो’ आणि ‘जोसेफीन’ या दोन रेखाकृतींमधून सरासरी पुरुष आणि सरासरी स्त्री यांची मापं वस्तू बनवणाऱ्यांपुढे ठेवली. ती अमेरिकन शरीरं होती. भारतीय शरीरांची मापं देवकुमार चक्रवर्ती यांच्या पुस्तकाने अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतून १९९७ मध्ये एकत्र उपलब्ध करून दिली. पहिली एसटी सुटून तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती. या शास्त्राची रीत अशी, की लोकांच्या उंचीची रांग लावायची आणि सगळ्यांत ठेंगणे पाच टक्के व सगळ्यांत उंच पाच टक्के वगळून मधल्या नव्वद टक्क्यांसाठी वस्तू बनवायची. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास. सहा फुटी माणूस सरासरीहून जवळजवळ अठरा सेंटिमीटर वर, म्हणजे वगळलेल्या टोकात. शंभर कोटींहून मोठ्या देशात त्या टोकात किती माणसं बसतात, याचा विचार करावा. युरोपीय देशांनी मान्य केलेला बसचा नियम, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा क्रमांक १०७, लांब पल्ल्याच्या बसमध्ये एकामागे एक सीटांत किमान ६८० मिलिमीटर आणि शहरी बसमध्ये ६५० मिलिमीटर मागतो. अमेरिकन सैन्याच्या १९८८च्या मापनात उंच पाच टक्क्यांच्या सीमेवरच्या पुरुषाचं पाठ ते गुडघा अंतर ६६७ मिलिमीटर भरलं होतं. म्हणजे लांब पल्ल्याच्या बसमध्ये त्याला तेरा मिलिमीटर उरतात आणि शहरी बसमध्ये तो मावतच नाही.

विमानात तीच गोष्ट पैशाच्या भाषेत उघड झाली. एकेकाळी भाडी ठरलेली असत, कंपन्यांना भाड्यात स्पर्धा करता येत नसे. मग स्पर्धा जेवणात आणि जागेत. १९५८ मध्ये अटलांटिक पार करणाऱ्या विमानांत स्वस्त इकॉनॉमी वर्ग सुरू झाला, तेव्हा युरोपीय कंपन्या फार भरघोस सँडविच देतात म्हणून अमेरिकन कंपनीने तक्रार केली होती. १९७८ मध्ये अमेरिकेने भाडी मोकळी केली. स्पर्धा भाड्यावर आली आणि जागा आकसू लागली. तीस रांगांच्या विमानात प्रत्येक रांगेतून एक इंच काढला की तीस इंच मोकळे होतात, म्हणजे एक अख्खी रांग, सहा तिकिटं. भारतात २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवासाचं दार उघडलं आणि ज्यांच्या घरात कुणी विमान चढलं नव्हतं ती माणसं चढली. एअरबस ३२० मध्ये इथे १८० आसनं रूढ झाली, नंतर काही विमानांत १८६. मागची स्वच्छतागृहं आणि पँट्री आवळून ती सहा आसनं मिळवली. पुढच्या सीटची पाठ पातळ करून, कागदपत्रांचा खिसा गुडघ्यापासून वर नेऊन थोडी जागा परतही दिली गेली. ते कौतुकाचं काम आहे आणि करणाऱ्या अभियंत्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणंही खरं होणार नाही. २००० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या विमानांमधून सात हजारांहून अधिक आसनं काढून टाकली आणि इकॉनॉमीतल्या सर्वांना पाय पसरायला जागा दिली. काही वर्षांत ती आसनं परत बसली. प्रवाशांनी तिकीट घेताना जागा पाहिली नाही, भाडं पाहिलं. अर्थात जागा पाहायची कशी, हा प्रश्न राहतोच. भाडं पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसतं. गुडघ्यापुढचे इंच शोधून काढावे लागतात.

आज उंच माणसाला विमानात जी जागा जादा पैशाने मिळते तिचा जन्म मात्र बाजारात झालेला नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ ने उड्डाणासाठी धाव घेतली असताना इंजिन फुटून आग लागली. विमान जमिनीवरच होतं, तरी ५५ माणसं मेली, बहुतेक धुराने. पंखावरच्या दारापाशी आणि पुढच्या अरुंद वाटेत माणसं अडकली होती. त्यानंतर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने पंखावरच्या दारापाशी जागा मोकळी ठेवण्याची सक्ती केली. क्रॅनफिल्डमध्ये हेलन म्यूर यांनी विमानातून बाहेर पडण्याचे प्रयोग केले. आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना पाच पौंड बक्षीस ठेवलं, म्हणजे खऱ्या आगीतली रेटारेटी पाहता येईल. प्राधिकरणाच्या १९८९च्या सूचनेने प्रत्येक सीटसाठी पाठीपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत किमान २६ इंच ठरवले. माझ्या माहितीत बसलेल्या प्रवाशाच्या गुडघ्यापुढे कायद्याने एवढी स्पष्ट रेघ आखल्याचं विमानातलं हे ठळक उदाहरण, आणि ती आखायला आग लागावी लागली. २००१ मध्ये युरोपीय प्राधिकरणांसाठी झालेल्या अभ्यासाने माणसं उंच झाली आहेत, हे अंतर २८.२ इंच करा, असं सुचवलं. आपत्कालीन दाराच्या रांगेत दिसणारी ऐसपैस जागा म्हणजे सुटकेचा रस्ता. तो रुंद व्हायला माणसं मरावी लागली आहेत. ती जागा ‘जादा सोय’ म्हणून विकली जाते हे मला दरवेळी खुपतं.

अमेरिकेत आकसत्या जागेवरून प्रवाशांच्या एका संघटनेने दावा केला. २०१७ मध्ये न्यायाधीश पॅट्रिशिया मिलेट यांच्या निकालात नोंद आली की दोन रांगांमधलं अंतर सरासरी ३५ इंचांवरून ३१ वर आणि काही विमानांत २८ वर आलं आहे. विमान नियामकाने याकडे नीट लक्ष द्यावं, असं न्यायालयाने सांगितलं. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने किमान मापं ठरवायला एक वर्षाची मुदत दिली. ओक्लाहोमा सिटीत नव्वद सेकंदांत विमान रिकामं करण्याच्या चाचण्या झाल्या, पण त्यात साठ वर्षांखालची धडधाकट माणसंच घेतली. लोकांकडून सव्वीस हजारांवर हरकती आल्या. संघटना पुन्हा न्यायालयात गेली, पण २०२३ मध्ये हरली, आणि मुदत उलटून गेलेलं ते किमान माप तेव्हाही ठरलेलं नव्हतं.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न आहे असं मानणाऱ्यांनी वैद्यकाचा इतिहास पाहावा. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आसऱ्याच्या जागांमध्ये डेक-खुर्च्यांवर बसल्या बसल्या झोपत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की या लोकांमध्ये पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याने मृत्यू वाढले आहेत. मांडीखाली खुर्चीची कड दाबली जाते, रक्त साकळतं. पुढे तिथे झोपायला फळ्या आल्या. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आढळलं की चार तासांहून लांब प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग तो विमानाचा असो, बसचा, रेल्वेचा की कारचा. आणि १९० सेंटिमीटरहून उंच माणसांमध्ये तो आणखी वाढतो. विमानात १६० सेंटिमीटरहून ठेंगण्यांचाही वाढतो, कारण त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि सीटची कड मांडीखाली रुतते. एका मापाची सीट दोन्ही टोकांच्या माणसांना नडते.

नागपूरहून पुण्याला, लातूरहून मुंबईला रात्रभर बसने जाणारी उंच माणसं चार नव्हे, दहा-बारा तास तशी बसतात. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत उंची लिहितात, पोलीस भरतीत १६५ सेंटिमीटरच्या खालचा मुलगा मैदानातूनच परत जातो, आणि निवडलेल्या उंच मुलाला बंदोबस्तावर नेणाऱ्या बसमध्ये त्याची उंची कुणी विचारत नाही.

विचारणं अवघड नाही. रेल्वेच्या आरक्षणात वय आणि लिंग भरलं की यंत्रणा ज्येष्ठांना आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना शक्य तिथे खालची शायिका देते. ही सोय गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि तिच्यासाठी एकही डबा बदलावा लागला नाही. त्याच अर्जात उंचीचा एक रकाना घालावा, आणि सहा फुटांवरच्या उतारूला, दुसरी जागा शिल्लक असेल तोवर, साइड बर्थ देऊ नये. बसच्या आरक्षणात चाकावरची सीट नकाशावर वेगळ्या रंगात दाखवावी. विमानाच्या तिकिटावर भाड्याच्या शेजारी दोन रांगांमधलं अंतर इंचांत छापावं. आपत्कालीन दाराच्या रांगेसाठी नियमात बसणारा धडधाकट उंच प्रवासी असेल, तर ती जागा आधी त्याला विचारावी, आणि तिचे वेगळे पैसे घेऊ नयेत.